हिवाळी किंग सॅमन : कायाक आणि लहान होडीवाल्यांचे प्रश्न

नोव्हेंबर लागला की सिएटल, टकोमा, एव्हरेट भागातले मराठी वाचक गरवण्याबद्दल विचारू लागतात. यंदाच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. हिवाळ्यातला किंग सॅमन तळाशी असतो आणि लहान होडीतून तळापर्यंत पोचणं, तेही गार पाण्यात आणि जोराच्या प्रवाहात, सोपं नाही. उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : सॅमन तर उन्हाळ्याच्या शेवटी नदीत चढतो. मग डिसेंबर-जानेवारीत प्यूजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटलच्या खाडीत, कोणता किंग मिळतो? आणि आपला रावस हाच का?

नदीत चढतो तो पूर्ण वाढलेला, अंडी घालायला निघालेला मासा. हिवाळ्यात मिळतो तो अजून वयात न आलेला, खाऱ्या पाण्यातच राहून खाणारा किंग. हिरड्या काळ्या असल्यामुळे इथे त्याला ब्लॅकमाउथ म्हणतात. पोटात तयार गाभोळी नसते, त्यामुळे खाल्लेलं सगळं अंगाला लागतं आणि मांसात चरबी भरपूर असते. वजन साधारण ५ ते १२ पौंड.

कोहो सॅमनशी गल्लत होऊ नये म्हणून तोंड आणि शेपटी दोन्ही पाहा. किंगच्या दातांच्या बुडाशी हिरडी काळी असते, कोहोची तिथे पांढुरकी. किंगच्या शेपटीवर वर आणि खाली दोन्ही पात्यांत ठिपके असतात, कोहोच्या फक्त वरच्या पात्यात.

रावस वेगळा. इंग्रजीत त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात म्हणून घोटाळा होतो, पण त्याचं कूळच निराळं आहे. रावसाच्या गळ्याखाली दोन्ही बाजूंना चार-चार सुटे धागे असतात. सॅमनला ते नसतात, उलट शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर असतो. हा पर नीट ओळखायला शिका, पुढे त्याच्यावरच सगळं ठरतं. समुद्रातून नदीत चढण्याच्या सवयीपुरतं पाहिलं तर आपल्याकडचा पाला सॅमनला जास्त जवळचा.

प्रश्न : जागा कशी निवडायची? भरतीला जावं की ओहोटीला?

आधी त्याचं खाणं शोधा. हिवाळ्यात तो हेरिंग आणि सँड लान्स या दोन लहान माशांच्या मागे असतो. सँड लान्स पेन्सिलीसारखा बारीक, लांबट मासा, वाळूत शिरून बसतो. म्हणून वाळू-खडीचे उंचवटे आणि भूशिरांच्या कडा महत्त्वाच्या : पोर्ट टाउनसेंडजवळची मिडचॅनल बँक, व्हिडबी बेटाच्या दक्षिणेची पझेशन बार, पॉइंट नो पॉइंट, जेफरसन हेड, टकोमाचं पॉइंट डिफायन्स. खोली ९० ते १८० फूट. मासा बहुधा तळापासून पाच-सहा फुटांत. फिश फाइंडरवर (पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर) तळाला चिकटलेला आमिष-माशांचा ढग दिसला आणि वर पक्षी बुड्या मारत असतील, तर ती जागा सोडू नका.

पाणी उंचवट्यावरून ज्या दिशेने वाहतं, त्या दिशेच्या आडोशाला आमिष साचतं. पाणी उलटलं की आडोशाची बाजूही बदलते. सकाळी मिळालेल्या जागी दुपारी काहीच लागत नाही, त्याचं नेहमीचं कारण हेच.

वेळेबाबत एक चूक फार जण करतात. भरती पूर्ण होण्याची वेळ आणि पाणी थांबण्याची वेळ इथे एक नसते. अरुंद खाड्यांमुळे पाणी चढायचं थांबल्यावरही प्रवाह बराच वेळ चालू राहू शकतो. ‘नोआ’ ही सरकारी संस्था भरतीचं आणि प्रवाहाचं अशी दोन वेगळी वेळापत्रकं देते, तुम्हाला प्रवाहाचं हवं. पाणी थांबण्याच्या तासभर आधी ते तासभर नंतर हा सर्वांत चांगला काळ. दिवसाच्या दोन भरत्या-ओहोट्या इथे सारख्या नसतात, त्यातली लहान निवडा. कोकणात वाढलेल्यांना सांगायचं तर कायाकसाठी उधाण टाळा, भांगाचे दिवस धरा. पायडलची कायाक ताशी तीन मैलांच्या आसपास जाते, म्हणून प्रवाह दीड नॉटच्या वर असला की माणूस दमतो आणि गळ तळाला राहत नाही. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्या दिवशी घरी थांबा.

प्रश्न : कायाकवर डाउनरिगर बसवावा का?

आमचं मत : पहिले दोन हिवाळे नको.

डाउनरिगर म्हणजे जड शिशाचा गोळा तारेने खाली सोडून गळाची दोरी त्याच्या चिमट्यात अडकवायची सोय. तळ नेमका गाठता येतो हे खरं. पण तो गोळा खडकात किंवा जुन्या जाळ्यात अडकला की तुमची कायाक समुद्राच्या तळाला बांधली जाते. प्रवाह तिला आडवी फिरवतो, वरच्या अंगाला पाणी चढू लागतं, ती कड खाली जाते आणि कायाक उलटते. पोलादी तार साध्या सुरीने कापत नाही. सगळं घडायला मिनिटही लागत नाही.

तरीही बसवायचाच असेल तर चार गोष्टींत तडजोड नको. लहान हाताचं यंत्र आणि ६ ते ८ पौंडांचा गोळा, त्याहून जड नाही. तारेच्या जागी विणलेली दोरी. गोळा त्या दोरीला थेट न बांधता मध्ये ५० पौंडी नायलॉनचा वीतभर तुकडा, म्हणजे ताण आला की आधी तोच तुटेल. क्लच इतका सैल की गोळा अडकताच दोरी आपोआप सुटत राहील. यंत्र मांड्यांच्या पुढे, हाताच्या टप्प्यात बसवा, पाठीमागे कधीच नाही. सुरी लाइफ जॅकेटवर, उजव्या-डाव्या दोन्ही हातांना पोचेल अशी.

प्रश्न : डाउनरिगर नसेल तर मग कशाने?

जिगने, म्हणजे गळ लावलेल्या, माशासारख्या शिशाच्या नकली आमिषाने. कायाकला जिग सर्वांत शोभतो, कारण होडी प्रवाहाबरोबर वाहत असते आणि दोरी जवळजवळ सरळ खाली राहते. सँड लान्ससारखा बारीक, लांबट शिशाचा जिग घ्या, १०० फुटांत २ ते ३ औंस, १५० फुटांत ४. रीळवर ३० पौंडी विणलेली दोरी, पुढे ६-७ फूट २० ते २५ पौंडी फ्लुरोकार्बनची दोरी. विणलेली दोरी बारीक असल्यामुळे प्रवाह तिला कमी ओढतो. जाड नायलॉनवर याच खोलीला जवळपास दुप्पट वजन लागतं. जिगला तीन टोकांचा गळ असेल तर काढा आणि २/० किंवा ३/० चा एकटोकी, बिनकाट्याचा (टोकामागे उलटा काटा नसलेला) बसवा.

उंचवट्याच्या वरच्या अंगाला, प्रवाह जिथून येतो तिथे जा. जिग तळाला टेकेपर्यंत सोडा, टेकला की दोन-तीन वेढे वर घ्या. आता कांबी (गळाची काठी) दोन ते चार फूट झटक्याने उचला आणि खाली आणताना जिगबरोबरच आणा, दोरी ना ताठ ना लोंबती. नव्या माणसाचा घोळ इथेच होतो. कांबी पटकन खाली टाकली तर दोरी सैल पडते. मासा बहुतेक वेळा जिग खाली पडतानाच तोंडात घेतो, आणि सैल दोरीत ते कळत नाही. पडणारा जिग मध्येच थांबला, दोरी अचानक हलकी झाली किंवा बाजूला सरकली, की लगेच गुंडाळत वर ओढा. दर चार-पाच उचलण्यांनंतर पुन्हा तळ टेकवून पाहा, वाहताना खोली बदलत असते. दोरी ४५ अंशांहून जास्त तिरपी झाली तर जिग तळाला नाही, हे धरूनच चाला. गुंडाळा आणि पुन्हा वर जा.

हेरिंग लावून गरवणं हा दुसरा चांगला मार्ग. २ ते ६ औंसांचं शिसं, दोन गळांचा ६-७ फुटी लीडर (गळाला जोडलेला दोरीचा शेवटचा तुकडा), आणि डोकं कल्ल्यांमागे तिरकं कापलेली हेरिंग. काप तिरका नसला तर ती गिरकी घेत नाही. नुसत्या ओढलेल्या तुकड्याला किंग फारसा विचारत नाही. हेरिंग आदल्या रात्री बिनआयोडिनच्या जाड मिठाच्या गार पाण्यात ठेवा, चार लिटरला तीन-चार कप मीठ. मांस घट्ट होतं आणि खवले टिकतात.

प्रश्न : माझी १६ फुटी होडी आहे, दोन डाउनरिगर आहेत, फ्लॅशर (पाण्यात फिरणारी चकचकीत पट्टी) आणि त्यामागे स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) लावतो. शेजारच्या होडीला मासे, मला काही नाही. काय चुकतंय?

बहुधा तुमचा गळ तळाशी नाही. पडद्यावर १३० फूट आणि डाउनरिगरच्या काट्यावर १२५ म्हणजे गोळा १२५ वर असतो असं नाही, पाण्याच्या जोराने तो मागे फेकला जातो आणि प्रत्यक्षात बराच वर असतो. १२ ते १५ पौंडांचा गोळा वापरा. दर काही मिनिटांनी तो तळाला टेकवा आणि तीन ते पाच फूट उचला. कंटाळवाणं काम आहे, पण हिवाळ्यात मासे तेच मिळवून देतं.

वेग दोन ते अडीच मैल, आणि शक्यतो प्रवाहाच्या दिशेने. चिमटा फ्लॅशरपासून १५ ते २० फुटांवर. अकरा इंची फ्लॅशरमागे हूची (झालरीचं रबरी आमिष) असेल तर लीडर ३८ ते ४४ इंच, ४० पौंडी, कडक. हूचीला स्वतःची हालचाल नसते, फ्लॅशरचा झटका तिच्यापर्यंत पोचायला लीडर आखूड आणि ताठ लागतो. स्पून स्वतः हलतो, त्याला चार-पाच फूट द्या. हिवाळ्यात स्पून लहान घ्या, तीन-साडेतीन इंच, सँड लान्सच्याच मापाचा.

दुसरी शक्यता : गळाला अगदी लहान सॅमन लागलेला असतो, चिमटा सुटत नाही आणि तुम्ही त्याला अर्धा तास ओढत फिरता. त्या गळाला दुसरा मासा लागणार नाही, आणि ते पोर मरतं. कांबीच्या टोकाची नेहमीची लयबद्ध थरथर बिघडली की लगेच वर घेऊन पाहा.

प्रश्न : वेडर (छातीपर्यंतची जलरोधक विजार) आणि जाड जॅकेट पुरेल ना? ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा पूर्ण पोशाख) फार महाग आहे.

पुरणार नाही. हिवाळ्यात इथलं पाणी ७ ते ९ अंश सेल्सिअस असतं. पडल्यावर पहिलं मिनिट श्वास आवरण्यात जातं. सुमारे दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यानंतर पकड जाते. शुद्ध हरपायला तासाच्या आसपास लागतो. म्हणजे परत कायाकवर चढायला तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत. वेडर तुम्हाला तळाला खेचत नाही, ती समजूत चुकीची आहे. पण त्यात पाणी शिरलं की ऊब संपते, आणि भरलेल्या पायांनी वर चढणं जवळजवळ अशक्य होतं.

ड्रायसूट, आत लोकर किंवा फ्लीस (सुती कपडा अंगाला नको), वर लाइफ जॅकेट अंगात घातलेलं, पायाशी ठेवलेलं नाही. जॅकेटला शिट्टी आणि पाण्यात तरंगणारा व्हीएचएफ रेडिओ, चॅनल १६. मोबाइल ओल्या, बधिर बोटांनी चालत नाही. पूर्ण पोशाखात, उथळ पाण्यात, सोबत कुणी असताना उलटून पुन्हा चढायचा सराव पाच-सहा वेळा करा. पैसे कमी असतील तर फिश फाइंडर पुढच्या वर्षी घ्या, सूट आधी. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो, म्हणून पांढरा दिवा दुपारच्या फेरीलाही जवळ हवा. मालवाहू जहाजांच्या वाटेत थांबू नका, त्यांना वळता येत नाही.

प्रश्न : मोठा मासा लागला, पण ‘जंगली’ म्हणून सोडावा लागला. एवढा कडक नियम का?

प्यूजेट साउंडचा किंग १९९९ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. इथल्या ऑर्का देवमाशांच्या कळपांचं मुख्य खाणंही हाच मासा. मत्स्यबीज केंद्रातून सोडलेल्या पिल्लांचा तो पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला असतो. पर नसेल आणि तिथे बरी झालेली खूण असेल तर मासा ठेवता येतो. पर शाबूत असेल तर सोडायचा, आणि होडीत न घेता सोडायचा. पाण्याच्या बहुतेक मासेमारी-विभागांत किमान लांबी २२ इंच.

हंगामाचा हिशेब फक्त ठेवलेल्या माशांवर होत नाही. गळाला लागलेल्या, सोडलेल्या आणि मापात न बसणाऱ्या माशांचाही अंदाज धरला जातो, आणि तो आकडा भरला की विभाग वेळेआधी बंद होतो. म्हणून लहान मासेच लागत असतील तर अर्धा मैल सरका. सोडताना मासा पाण्यातच ठेवा, लांब चिमट्याने गळाचा दांडा धरून उलटा फिरवा. बिनकाट्याचा गळ मासा स्वतःच झटकून टाकतो. हात लावावाच लागला तर ओला करून लावा, कल्ल्यांत बोट कधीच नको.

निघण्यापूर्वी त्याच दिवशी राज्याच्या मत्स्य खात्याचे तातडीचे नियम वाचा, विभाग रातोरात बंद होतात. परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च चालतो. १५ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण नोंदपत्र लागतं. ठेवलेला मासा त्यावर जागच्या जागी लिहायचा. २०२५ पासून या ऑर्कांपासून १००० यार्ड दूर राहणं वॉशिंग्टनमध्ये बंधनकारक आहे, आणि कायाकही त्यातून सुटत नाही.

प्रश्न : मार्चमध्ये अलास्कात होमरला जाणार आहे. तिथे कायाकवरून जमेल?

होमरच्या कॅचमॅक बेमध्ये हिवाळी किंगची मोठी स्पर्धा भरते आणि मासे इथल्यापेक्षा थोराड. पण उधाणाला तिथे पाणी २० फुटांहून जास्त चढतं-उतरतं, तापमान ४ अंशांच्या आसपास आणि हवा शून्याखाली. कांबीच्या कड्यांत बर्फ धरतो, दोरी अडकते आणि तुटून मासा जातो. पहिल्या खेपेला केबिन असलेल्या भाड्याच्या होडीतून जा.

प्रश्न : मासा कायाकवर कसा टिकवायचा? सुशीसाठी कच्चा चालेल का?

काठीने डोक्यात एक फटका, लगेच दोन्हीकडचे कल्ले कापा, रक्त वाहू द्या आणि मग बर्फ घातलेल्या जाड पिशवीत. दोरीला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवू नका. सील आणि सी लायन तो घेऊन जातात, आणि ओढ कायाकला बसते.

जंगली असो की केंद्रातला, समुद्रात वाढलेल्या सॅमनमध्ये बारीक कृमी असू शकतात. कच्चा खायचा तर उणे २० अंशांवर सलग सात दिवस गोठवलेलाच. घरच्या फ्रीझरचं दार वारंवार उघडलं जातं आणि तेवढी थंडी टिकत नाही, म्हणून आत थर्मामीटर ठेवून खात्री करा. एरवी तुकडीच्या जाड भागात ६३ अंश आले की मासा शिजला.