लाईन गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. ती लिहिते : "इंग्रजीच्या सराव परीक्षेत मी 'देअर वॉज नो लाइन इन अवर व्हिलेज लास्ट नाइट' असं वाक्य लिहिलं. सरांनी 'लाइन'खाली लाल रेघ मारली आणि बाजूला 'कसली लाइन?' असं लिहिलं. आमच्याकडे तर सगळेच 'लाईन गेली', 'लाईन आली' म्हणतात. मग आम्ही चुकीचं बोलतो का? आणि हा शब्द इंग्रजीत कुठं, कसा वापरायचा?"

बोलता तुम्ही बरोबरच. वाक्य मात्र चुकलं, कारण त्यात तुम्ही आपल्या गावचा शब्द इंग्रजी समजून लिहिलात. पुढं घोळ होऊ नये म्हणून मी आपल्या बोलण्यातली ती 'लाईन' आणि इंग्रजीतली ती 'लाइन' असं लिहितो. उच्चारात फरक थोडाच आहे, अर्थामध्ये मात्र बराच आहे.

आपल्याकडे 'लाईन' म्हणजे वीज. खांबावरची तार नव्हे, तारेतून येणारी वीज. "या आठवड्यात आपली लाईन रातची हाये" असं शेतकरी म्हणतो, तेव्हा तार रात्री उगवत नसते. मोटरपंपाला रात्री वीज मिळणार आणि हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात जावं लागणार, असा त्याचा अर्थ. "लाईन कवा येते?" या तीन शब्दांत आपल्या गावांचा किती जीव अडकलेला असतो, हे मी वेगळं सांगायला नको. असा शब्द चुकीचा कसा असेल?

हा अर्थ आला कुठून, तेही पाहा. पाणी आलं की घरातली बाई म्हणते, "नळ आले." नळ कुठं गेलेला नसतो, भिंतीतच असतो. पण जे वाहून आणतं त्याचं नाव, जे वाहून येतं त्याला द्यायची मराठीची जुनी सवय आहे. 'नळ आले' तशीच 'लाईन आली'. इंग्रजीत मात्र नळही असा येत नाही आणि लाइनही येत नाही. तिथं लाइन म्हणजे तार, आणि तारेतलं जे आहे ते पॉवर किंवा इलेक्ट्रिसिटी.

म्हणून तुमचं वाक्य असं हवं होतं : 'देअर वॉज नो पॉवर इन अवर व्हिलेज लास्ट नाइट.' 'द पॉवर वॉज आउट' असंही चालतं. 'द पॉवर लाइन इज डाउन' हे वाक्यही इंग्रजीत आहे आणि शुद्ध आहे, पण त्याचा अर्थ तार तुटून खाली आली असा होतो. तक्रारीच्या अर्जात हा फरक जपा. नुसती वीज गेली असताना असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की वावरात तार पडली आहे, माणसाच्या नाहीतर बैलाच्या जिवाला धोका आहे.

आता थोडं मुळाकडं जातो. या शब्दाचं मूळ आपल्या मातीच्या फार जवळचं आहे, म्हणून इथं जरा रेंगाळणार आहे.

लॅटिन भाषेत 'लिनुम' म्हणजे जवस. आपल्या विदर्भात रब्बीत निळ्या फुलांनी डोलतं, ज्याची चटणी भाकरीसोबत लागते, तेच जवस. आपण ते बियांसाठी पेरतो. युरोपात त्याच्या खोडातल्या धाग्याला मोठा मान होता. त्याचं कापड ते लिनन. या धाग्याच्या दोरीला लॅटिनमध्ये 'लिनेआ' म्हणत, आणि तिथूनच इंग्रजीतली 'लाइन' आली. कोटाच्या आतलं अस्तर म्हणजे लायनिंग, तेही त्याच घरातलं. कारण ते मुळात लिननचं लावत. तुमच्या कागदावरची सरळ रेघ आणि घरातल्या बरणीतलं जवस यांचं नातं हे असं आहे.

दोरी ताणली की सरळ होते. सरळ दोरीवरून रेघ आखता येते. रेघेवर माणसं उभी केली की रांग होते. दोन गावांमध्ये ताणली की तार होते, रूळ होतो, रस्ता होतो. इंग्रजी 'लाइन'चे बहुतेक अर्थ या एका दोरीला बांधलेले आहेत. आणि ही वाट मराठीला परकी नाही. आपलं 'सूत' पाहा : सूत म्हणजे धागा, सुतात असणं म्हणजे सरळ असणं, सूत जमणं म्हणजे मनं जुळणं, आणि सूत्र धरणारा तो सुतार. तिकडं जवसाच्या धाग्यानं केलं, तेच इकडं सुतानं केलं. गवंडी भिंत उचलताना जी 'लाईनदोरी' बांधतो, त्या शब्दात तर दोरीच दोनदा आली आहे. मला तो शब्द फार आवडतो.

तेव्हा इंग्रजीत लिहिताना मनाशी एक विचारा : इथं दोरीसारखं काही आहे का? ताणलेलं, आखलेलं, ओळीनं लावलेलं? असेल तर 'लाइन' बहुधा चालेल. नसेल तर दुसरा शब्द शोधा.

जिनिंगपुढं कापसाच्या गाड्यांची लाईन लागते. इथं ओळ आहे, म्हणून इंग्रजीतही 'अ लॉंग लाइन ऑफ कार्ट्स' बरोबर. माणसांच्या रांगेला अमेरिकेत लाइन म्हणतात, ब्रिटनमध्ये क्यू जास्त चालतं. रांगेत उभं राहणं म्हणजे 'स्टँड इन लाइन'. तिथं 'इन' हवं, 'ऑन' नको. न्यूयॉर्ककडं 'ऑन लाइन' म्हणतात खरं, पण परीक्षेत तुम्ही 'इन'च लिहा. पिकाच्या ओळीला मात्र 'रो' म्हणतात. कपाशीत तुरीचं तास असतं, ते इंग्रजीत तुरीचा रो. ('तास' शब्दही बघा, घड्याळातला वेगळा आणि वावरातला वेगळा. आपण कधी गोंधळतो का?)

मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी शकुंतला या आगगाडीची अरुंद लाईन आता गाडीविना पडून आहे, पण ती लाइनच आहे. रेल्वे लाइन हा इंग्रजीतही अस्सल शब्द. नागपुरातली सिव्हिल लाइन्स किंवा पोलीस लाइन टाकळी या नावांमागं लष्करी छावणी आहे. तंबू आणि बराकी ओळीनं असत, त्या ओळींना इंग्रज 'लाइन्स' म्हणत. मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. तिथं विजेचा संबंध नाही.

'पोरगं लाईनीले लागलं' म्हणजे कामधंद्याला लागलं. इंग्रजीत 'लाइन ऑफ वर्क' आहे, पण या अर्थी 'लाइन'ला नुसतं लागता येत नाही; 'ही हॅज सेटल्ड इनटू अ जॉब' म्हणा. 'लाईन मारणं' मात्र इंग्रजीत शब्दशः कधीच नेऊ नका. तिकडं लाइन म्हणजे बोललेलं वाक्यही असतं, नाटकातल्या पात्राच्या 'लाइन्स' असतात तसं, आणि ओळख काढायला टाकलेल्या वाक्याला 'पिक-अप लाइन' म्हणतात. तिथं लाइन तोंडातून निघते, आपल्याकडं ती डोळ्यांनी मारतात.

पीकविम्याच्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी असतो तो 'डेडलाइन'. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती; कैद्यानं ती ओलांडली की गोळी. पुढं तो शब्द मुदतीला लागला. हाच शब्द तोडून 'डेड लाइन' लिहिला, तर वीजवाल्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वीज बंद केलेली तार. एका मोकळ्या जागेनं केवढा फरक पडतो! आणि "लाईन नव्हती म्हणून ऑनलाइन झालं नाही" हे आपलं रोजचं वाक्य इंग्रजीत नेताना पहिली लाईन पॉवर होते, दुसरी ऑनलाइनच राहते.

सरांच्या लाल रेघेनं मन खट्टू झालं असेल, तर एवढं बघा. पुण्याकडं वीज गेली की 'लाईट गेली' म्हणतात. गडचिरोलीत सिरोंच्याकडं तेलुगू बोलणारी माणसं 'करंट पोयिंदी' म्हणतात, म्हणजे करंट गेला. आपण 'लाईन गेली' म्हणतो. एकाच अंधाराला तिघांनी तीन इंग्रजी शब्द घेतले : एकानं उजेड, एकानं प्रवाह, आपण तार. यातला कुठलाही शब्द इंग्रज माणूस या अर्थी असा वापरत नाही, आणि तिन्ही आपापल्या जागी पक्के आहेत. आपल्या लाईनला तर आपण स्त्रीलिंगही दिलं आहे. ओळ, रांग, रेघ, तार, वीज या सगळ्या बाईमाणसांत ती बेमालूम बसली. 'लाईनी' असं अनेकवचन केलं, 'लाईनीवर' असं चालवलं. जो शब्द आपल्या व्याकरणानं चालतो, तो आपलाच.

शेवटी तुमच्या गावातला असा एक माणूस, ज्याच्या नावात हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच आहे : लाईनमन. इंग्रजीतही तो लाइनमनच, कारण तो खरोखर तारेवर काम करतो. ब्रिटनमध्ये त्याला लाइन्समन म्हणतात. पावसात खांबावर चढून तो जोडतो ती लाइन, आणि घरात येते ती लाईन. हेच इंग्रजीत लिहायचं झालं तर : 'द लाइनमन रिपेअर्ड द लाइन, अँड द पॉवर केम बॅक.'