कंपनीच्या कामासाठी सतत विमानप्रवास होतो. एअर माइल्सचा जास्तीत जास्त फायदा कसा करून घ्यावा?

तुम्ही प्रश्नाखाली दिलेला तपशील असा: नव्या नोकरीत पुण्याहून महिन्यातून दोन-तीनदा दिल्ली नाहीतर बंगळुरू, तिकीट कंपनी काढते, माइल्सचं खातं अजून कुठेच उघडलेलं नाही, एक बँक माइल्सवालं क्रेडिट कार्ड गळ्यात मारू बघतेय, आणि दोन वर्षांत बायको-मुलाला घेऊन 'फुकटात' दुबई होईल का हे तुम्हाला हवंय.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. फुकटात होणार नाही, स्वस्तात होऊ शकेल. माइल्स म्हणजे प्रवासावर खात्यात जमणारे पॉइंट्स; त्यांवर काढलेल्या तिकिटावरही कर आणि विमानतळाचे आकार खिशातूनच जातात, आणि परदेशच्या तिकिटावर काही कंपन्या वर स्वतःचा अधिभारही लावतात. तिघांचा मिळून हा आकडा पाहिला की 'फुकट' हा शब्द आपोआप गळतो.

मी पॅकिंग मशिन दुरुस्त करणारा माणूस. चौदा वर्षं टूल बॅग घेऊन देशभर हिंडलो. माइल्स वापरून मी घरी आणलेली पहिली वस्तू म्हणजे एक ट्रॉली बॅग. कॅटलॉगमध्ये दिसली, पॉइंट्स होते, घेऊन टाकली. नंतर हिशेब केला तर तेवढ्या पॉइंट्समध्ये दिल्लीचं जाऊन-येऊन तिकीट बसत होतं. बॅगेचं एक चाक दुसऱ्याच प्रवासात निखळलं. आता ती माळ्यावर असते, आणि दिवाळीची आवराआवर निघाली की बायको विचारते, "हे दिल्लीचं तिकीट टाकून देऊ का?" मिक्सर, टोस्टर, गिफ्ट व्हाउचर, सगळ्यांची गत थोड्याफार फरकाने हीच. पॉइंट्स विमानाच्या सीटसाठीच ठेवा.

आता मूळ गोष्ट. माइल्स हे चलन आहे, पण छापणारी विमान कंपनी, भाव ठरवणारीही तीच, आणि उद्या तो भाव पाडायचा झाला तर तेही तिच्याच हातात. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने आपली 'अ‍ॅडव्हान्टेज' योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने आपली. तेव्हा जितकं उडाल तितके मैल जमा, असा सरळ हिशेब होता. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने, आणि पुढच्या वर्षी अमेरिकनने तो मोडून खर्च केलेल्या डॉलरवर माइल्स द्यायला सुरुवात केली. एअर इंडियानेही २०२४ मध्ये तोच रस्ता धरला. म्हणजे मैल फक्त नावात उरला, मोजणी पैशात. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की ट्रॅव्हल डेस्कने, म्हणजे तुमच्या कंपनीत तिकिटं काढणाऱ्या विभागाने, आयत्या वेळी काढलेल्या महागड्या तिकिटावर तुम्हाला जास्त पॉइंट्स मिळतील, आणि महिनाभर आधी काढलेल्या स्वस्त तिकिटावर कमी.

या धंद्यात खरा पैसा कुठे आहे हे कोविडमध्ये उघड झालं. विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा जून २०२० मध्ये युनायटेडने कर्जासाठी आपली माइल्सची योजनाच तारण ठेवली आणि तिची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर दाखवली. कारण माइल्स सर्वांत जास्त विकत घेतात त्या बँका, कार्डवर वाटायला. तुमच्या मागे लागलेला तो कार्डवाला मुलगा याच साखळीतली शेवटची कडी आहे. बिचाऱ्यावर राग धरू नका, पण तो काय विकतोय ते ओळखा.

माइल्स साठवून ठेवणाऱ्यांचं काय होतं हे आपल्याकडे तीनदा दिसलं. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली आणि तिच्या पॉइंट्सने उडायला विमानच राहिलं नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली. तिची योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून पॉइंट्स जिवंत राहिले, पुढे 'इंटरमाइल्स' नाव लागलं, पण ज्या विमानासाठी लोकांनी ते जमवले होते ते गेलंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा मात्र पॉइंट्स नव्या खात्यात वळवले गेले. माझेही एका कंपनीत अठरा हजारांच्या आसपास बुडाले. 'मोठ्या सहलीसाठी' म्हणून राखून ठेवले होते. तेव्हापासून मी दोन वर्षांपलीकडचा बेत माइल्सवर आखत नाही.

मुदतीचाही घोळ असतो. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स मिळाल्यापासून ३६ महिन्यांनी संपतात, मधे तुम्ही कितीही उडालात तरी. अमेरिकन एअरलाइन्समध्ये खात्यावर २४ महिने काहीच हालचाल नसेल तर संपतात, म्हणजे मधे एखादा छोटा व्यवहार केला की मुदत पुढे सरकते. तुमची योजना यातल्या कुठल्या जातीची आहे एवढं पहिल्या दिवशी बघून ठेवा आणि फोनवर रिमाइंडर लावा.

खातं कुठे उघडायचं? ज्या विमानात तुम्ही बसता, तिथे. हे हास्यास्पद वाटेल, पण मी माणसं पाहिलीत जी इंडिगोने फिरतात आणि 'चांगली योजना' म्हणून भलतीकडे जमवत बसतात. इंडिगोने २००६ पासून अठरा वर्षं असली योजना ठेवलीच नव्हती, २०२४ मध्ये 'ब्लूचिप' आणली. एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स' आता 'महाराजा क्लब' झाली आहे. तुमच्या मार्गांवर बहुतेक या दोघींपैकीच एखादी असेल. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे लुफ्तान्सा, सिंगापूर, युनायटेड, टर्किश यांच्यावर उडालात तरी माइल्स एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात. एमिरेट्स कुठल्याच गटात नाही, कतार दुसऱ्या गटात. दुसऱ्या कंपनीवरचे माइल्स मात्र तिकिटाच्या बुकिंग क्लासवर ठरतात, आणि सर्वांत स्वस्त क्लासला कधी कधी काहीच मिळत नाही. हा क्लास दाखवणारं तिकिटावरचं एकटं इंग्रजी अक्षर बघायची सवय लावा.

जाता जाता: घरचं कुणी अमेरिकेत असेल आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी जाऊन येत असतील, तर त्यांची खाती आधी उघडा. मुंबई ते न्यूयॉर्क एका बाजूनेच सुमारे ७,८०० मैल. कितीतरी घरांत हा प्रवास चार-पाचदा होतो आणि खातं कुणाचंच नसतं.

आणि नाव! यावर मी तासभर बोलू शकतो. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असा तिहेरी प्रकार. पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं, ट्रॅव्हल डेस्कच्या यादीत तिसरं. बायकोच्या खात्याला माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं, म्हणून तिचे तीन प्रवास जमाच झाले नाहीत. शेवटी लग्नाचा दाखला पाठवावा लागला. माझ्या स्वतःच्या नावात एका ठिकाणी एक 'एच' जास्त होता, त्यावर दोन महिने ईमेल चालले. खातं उघडताना पासपोर्टवर आहे ते नाव, अक्षर न् अक्षर तसंच घाला, आणि तेच ट्रॅव्हल डेस्कला कळवा. दोनच खाती सांभाळायची असतील तर हे अर्ध्या तासाचं काम आहे.

तिकीट कंपनीच्या पैशाचं असलं तरी पॉइंट्स साधारणपणे उडणाऱ्याच्या नावावर जातात. तरी तुमच्या कंपनीचा नियम एकदा एचआरला विचारून घ्या. डेस्कने तिकिटावर तुमच्या माइल्स खात्याचा नंबर घातला नसेल तर वेब चेक-इनला किंवा काउंटरवर सांगून घालता येतो. तेही राहिलं तर पॉइंट्स मागाहून मागता येतात, पण त्याला मुदत असते आणि बोर्डिंग पास लागतो. पॉइंट्स खात्यात दिसेपर्यंत पास फेकायचा नाही. त्याचा फोटो सोशल मीडियावर तर मुळीच टाकायचा नाही, त्या बारकोडमधून तुमचा पीएनआर वाचता येतो, कधी सदस्य क्रमांकही.

वापरताना एकच गणित करा. समजा, तिकीट रोखीने ९,४०० रुपयांना आहे आणि माइल्सने ८,००० पॉइंट्स अधिक १,४०० रुपये कर. ९,४०० मधून १,४०० गेले, उरले ८,०००, म्हणजे पॉइंटला एक रुपया. तेच तिकीट आडवारी ४,६०० ला असेल आणि पॉइंट्स तेवढेच मागत असतील, तर पॉइंटला चाळीसच पैसे. (आकडे समजण्यापुरते घेतलेत.) म्हणून पॉइंट्सची मजा गणपती-दिवाळीत, लग्नसराईत किंवा घरून अचानक फोन आल्यावर. दोन वर्षांपूर्वी काकांचं आजारपण निघालं तेव्हा रात्री अकराला मी पहाटेचं नागपूर काढलं, रोखीचा भाव बघून डोळे फिरले होते आणि पॉइंट्स नेहमीइतकेच मागत होते. काही योजनांत आता पॉइंट्सचा भावही तिकिटाबरोबर चढतो, तिथे हा फायदा नाही. तिथे साठवण्यातही अर्थ नाही, मिळाले की वापरा.

स्टेटसचं, म्हणजे वारंवार उडणाऱ्याला मिळणाऱ्या सिल्व्हर, गोल्ड वगैरे दर्जाचं खातं वेगळं चालतं, माइल्स खर्च केले म्हणून ते कमी होत नाही. माझ्यासारख्याला त्याचा खरा उपयोग झाला. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर चेक-इन सामान १५ किलो, आणि माझी टूल बॅगच ११ किलोची. पाने-स्क्रूड्रायव्हर हातातल्या सामानात चालत नाहीत. स्टेटसमुळे जादा किलो मिळाले आणि काउंटरवरची हुज्जत संपली. तुम्ही लॅपटॉप घेऊन जाणारे असाल तर उरतो लाउंजमधला उपमा.

मात्र त्याच्यामागे धावू नका. मी धावलो होतो. गोल्ड टिकवायला एक प्रवास कमी पडत होता, वर्षाची मुदत संपत आलेली, म्हणून डिसेंबरअखेर काम नसताना पुणे-दिल्ली-पुणे असं तिकीट स्वतःच्या पैशाने काढलं. सकाळी जायचं, दुपारी परत. दिल्लीत धुकं. परतीचं विमान रात्री, मग पहाटे, मग दुसऱ्या दिवशी दुपारी. टर्मिनलवर खुर्चीत झोपलो. घरी 'अर्जंट ब्रेकडाउन' सांगितलं होतं, आणि बायकोने अगदी साधा प्रश्न विचारला: "मग टूल बॅग घरी कशी?" गोल्ड टिकलं. फेब्रुवारीत माझी बदली चाकणच्या प्लांटवर झाली आणि त्या वर्षी मी दोनदा विमानात बसलो.

कार्डाचं सांगतो. दर महिन्याला पूर्ण बिल भरत असाल तरच विचार करा. थकबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज पडतं, त्यापुढे कुठलेही माइल्स टिकत नाहीत. घ्यायचंच तर एकाच कंपनीला बांधलेलं घेऊ नका, पॉइंट्स बँकेतच राहतात आणि हवे तेव्हा हव्या त्या विमान कंपनीकडे वळवता येतात असं घ्या. एकदा वळवले की परत येत नाहीत, म्हणून आधी सीट शोधायची, मग वळवायचे. वार्षिक फी किती, आणि घरभाडं, पेट्रोल, विमा यांवर पॉइंट्स मिळतात का, हे त्या मुलाला लेखी विचारा. बहुतेकदा तिथेच फोन ठेवला जातो.

दुबईची खरी अडचण माइल्स जमण्याची नाही, एकाच विमानात माइल्सच्या तीन सीट मिळण्याची आहे. मुलाच्या शाळेच्या सुट्टीत तर फारच अवघड. तारखा उघडल्या उघडल्या शोधायला लागा, किंवा दोन सीट माइल्सच्या आणि एक रोखीची असा बेत ठेवा, मात्र दोन्ही बुकिंगची वेळ बदलली तर काय, हे आधी कंपनीला विचारून घ्या. बायको-मुलाची खाती आजच उघडा, कारण काही योजनांत घरच्यांचे पॉइंट्स एकत्र करता येतात.

तुमचा डेस्क जास्त करून कुणाची तिकिटं काढतो ते कळवा, म्हणजे त्या योजनेबद्दल नेमकं लिहितो. आणि गेल्या महिन्यात केलेले प्रवास असतील तर ते बोर्डिंग पास आधी शोधा, त्यांचीही मागणी अजून करता येईल.