साठ लाखांचा जुना फ्लॅट ७५ लाखांना विकला तर हातात काय राहतं?

प्रश्न असा आहे: पुण्यात ३५ वर्षं जुना टू बीएचके ६० लाखांना मिळतोय, ६ लाख लावून तो चकाचक करायचा आणि वर्षाच्या आत ७५ लाखांना विकायचा. ९ लाख सुटतील का?

एक रुपयाही सुटणार नाही. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटचा १ टक्का धरला तर ६० हजार. ४५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ९ महिने चाललं की व्याज ३ लाखांच्या वर. मेंटेनन्स, वीज, मिळकतकर मिळून ३० हजार. विकताना पुन्हा एजंट, ७५ हजार. ६० लाख किंमत आणि ६ लाख दुरुस्ती धरून बेरीज ७५ लाख १९ हजार! बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट ३ वर्षांत विकला तर शुल्काची वजावट मिळते असं कुणी सांगेल; ती जुन्या फ्लॅटला लागू नाही. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने येणारी किंमत ६० लाखांपेक्षा जास्त निघाली तर शुल्क त्या किमतीवर बसेल.

म्हणून हिशेब उलटा मांडा. ५ लाख नफा हवा असेल आणि दुरुस्तीत १० टक्के जास्तीचे धरले, तर ५४ लाखांच्या पुढे बोली नेऊ नका. त्या ५ लाखांवरही २४ महिन्यांच्या आत विकल्यास तुमच्या स्लॅबप्रमाणे कर आहे. दुरुस्तीचा खर्च नफ्यातून वजा होतो, पण बिलं असतील तरच. मिस्त्रीला रोख मोजलेले पैसे कागदावर दिसत नाहीत.

कागद तपासताना तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील डोळ्यांसमोर ठेवा. पहिल्या मालकापासूनचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. मधला एक करार गहाळ असेल तर गिऱ्हाइकाचं कर्ज अडेल आणि मग रोखीवाला दर पाडूनच मागेल. सोसायटीच्या गेल्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तंही वाचा. पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल तर टाइल्सवर खर्च करण्यात अर्थ नाही. घेणारा फक्त कार्पेट एरिया मोजतो.

आता काम. टोकन देण्याआधी खालच्या फ्लॅटच्या बाथरूमचं छत बघून या. तिथे पोपडे किंवा गंजाचे डाग असतील तर तुमच्या बाथरूमला वरवर टाइल चिकटवून भागणार नाही. कोबा (टाइलखालचा थर) स्लॅबपर्यंत फोडायचा, नहाणी ट्रॅप (पाणी जाण्याची जाळी बसते ते भांडं) आणि जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप बदलायचे, वॉटरप्रूफिंग भिंतीवरही फूटभर चढवायचं आणि ४८ तास पाणी साठवून खाली बघायचं. त्यानंतरच टाइल. उतार ट्रॅपकडे, मीटरला साधारण १ सेंटिमीटर. घाई करणारे नेमकी ही चाचणी गाळतात, मग गळती निघते ती फ्लॅट दाखवायच्या दिवसांत.

वायरिंग जुनी असेल तर पूर्ण बदला: दिव्यांना १.५, प्लगला २.५, एसी आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटर, वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. नवं प्लास्टर किमान ७ दिवस पाणी मारून मुरवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी लावू नका, नाहीतर पावसाळ्यात रंग फुगतो. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत पाडायचा मोह आवरा. त्या काळच्या दोन-तीन मजली इमारती बऱ्याचदा लोडबेअरिंग असतात, म्हणजे छताचा भार भिंतींवरच असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची लेखी परवानगी नसेल तर हातोडा उचलू नका.

ओटा, सिंक, नळ चांगले घ्या. महागडं मॉड्युलर किचन मात्र टाळा, घर घेणारी बाई ते आपल्या सोयीने बदलतेच. रंग, राडारोडा उचलणं आणि फरशी घासणं सगळ्यात शेवटी. राडारोड्याचा टेम्पो आणि हमाली अंदाजपत्रकात आधीच लिहून ठेवा.