नियम ढापले तर चोरी होते का?

प्रश्न: मी स्वतःचा रोलप्लेइंग गेम लिहितोय, वीस बाजूंचा फासा आणि हिट पॉइंट्स वगैरे सगळं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा प्रसिद्ध रोलप्लेइंग गेम) सारखंच आहे, विकला तर लफडं होईल का?

उत्तर: फासा टाका, बोनस मिळवा, आकडा गाठला की वार लागला, ही नुसती पद्धत झाली आणि पद्धतीवर कॉपीराइट सहसा नसतो, तो असतो ती ज्या शब्दांत लिहिलीय त्या शब्दांवर, चित्रांवर. म्हणजे त्यांच्या पुस्तकातलं एखाद्या मंत्राचं वर्णन जसंच्या तसं चिकटवलंत की अडकलात. पण तुमचं नशीब चांगलंय, जानेवारी २०२३ मध्ये ओजीएल (डी अँड डीचे नियम इतरांना वापरू देणारं जुनं लायसन्स) बदलण्यावरून एवढा गदारोळ झाला की डी अँड डीच्या कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, एसआरडी ५.१ (गेमच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) सरळ क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० (श्रेय देऊन कुणालाही वापरू देणारं खुलं लायसन्स) खाली टाकलं, आणि हे लायसन्स परत काढून घेता येत नाही. त्यातला मजकूर बिनधास्त उचला, विका, फक्त श्रेयाची ओळ टाका (एसआरडीच्या सुरुवातीला तयारच दिलीय, तरी लोक विसरतात!) आणि बदल केलेत तेही लिहा. डी अँड डीच्या बाकीच्या पुस्तकांना मात्र हात लावू नका. आणि दुसऱ्या कुणाचं क्रिएटिव्ह कॉमन्सच्याच बाय-एसए (शेअर-अलाइक) लायसन्सवालं काही घेतलंत तर त्यावर बेतलेलं तुमचं लिखाणही त्याच लायसन्सखाली द्यावं लागेल, लायसन्सच्या नावात एनसी (नॉन-कमर्शियल) दिसलं तर विकायचं विसरा.