इंग्लंडमध्ये कार्प मासे पकडायच्या मॅचला पहिल्यांदा उतरतोय. आमिष कोणतं वापरू? पेग (काठावरची बसायची जागा) चिठ्ठीने मिळतो, मग हा नशिबाचाच खेळ ना?

नाही. हे ‘नशिबाचाच खेळ’ मी सहा वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

लेस्टरजवळच्या तळ्यावरची जुलैमधली मॅच, सकाळी दहा ते तीन. पिशवीत हात घातला आणि मला चौदा नंबर आला. समोर नुसतं उघडं पाणी, ना बेट ना लव्हाळी. माझ्या मित्राला (साताऱ्याकडचा आहे, आम्ही एकाच गाडीतून गेलो होतो) कोपऱ्यातला पेग लागला आणि वाराही त्याच कोपऱ्यात शिरत होता. उन्हाळ्यात वारा जिकडे वाहतो तिकडे कार्प सरकतात, हे तळ्यावरचं पोरही सांगेल. तो तिथेच म्हणाला, “आज तुझं काही खरं नाही.”

पहिल्या दोन तासांत मला सात मासे. तेरा मीटरवर पोल (रीळ नसलेली लांब काठी), सहा मिलिमीटरचं पेलेट (माशांच्या खाद्याची गोळी), आणि तासाला तीन-चार मासे. कोपऱ्यातून मात्र सारखा पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता.

माझे वडील कृष्णाकाठी गळ टाकायचे. रोहू-मृगळासाठी ते तीन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी एकाच जागी शेंगदाण्याची पेंड आणि कणकेचे गोळे टाकत, पण गळ लावत नसत. मी लहान होतो, घाई करायचो. ते म्हणायचे, “आधी त्यांना निवांत जेवू दे.” तेच मी इथे केलं. बारा वाजल्यापासून डाव्या हाताला, काठापासून हातभर अंतरावर, जेमतेम दीड-दोन फूट पाण्यात दर दहा मिनिटांनी मूठभर मका आणि पेलेट टाकत राहिलो. गळ तिकडे नेलाच नाही. एकच्या सुमारास तिथलं पाणी गढूळ झालं. मग चिखलाचा एक ढग उठला आणि त्यातून शेपटीचं टोक क्षणभर वर आलं. तरीही थांबलो. त्या वेळी हात न घालणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं.

दोन वाजायच्या थोडं आधी पोलचा छोटा तुकडा घेऊन मक्याचा एक दाणा तळाला टेकवला. फ्लोट (दोरीवरची तरंगती खूण) थरथरला, तर सोडून द्यायचं. उथळ पाण्यात मासा अंगानेच दोरीला घासतो, आणि तेव्हा झटका मारला की गळ खवल्यात अडकतो, वर बाकीचे पळतात ते वेगळंच. फ्लोट सरळ खाली गेला तरच उचलायचं. तासाभरात अकरा मासे आले, बहुतेक चार पाउंडांच्या आसपासचे.

आता आमच्या भांडणाचं मूळ. त्या तळ्यावर एका कीपनेटमध्ये (वजन होईपर्यंत मासे ठेवायचं पाण्यातलं जाळं) पन्नास पाउंडांची मर्यादा आहे, वरचं वजन धरत नाहीत. सकाळी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं होतं. मी प्रत्येक माशाचं अंदाजे वजन क्लिकरवर (बोटाने दाबून मोजायचं छोटं यंत्र) मोजत होतो आणि अंदाजे चव्वेचाळीसला नेट बदललं. वजन झालं ४४ पाउंड १० औंस आणि ४१ पाउंड १२ औंस, एकूण ८६-६. मित्राचं दुसरं नेट ३३-२, आणि पहिलं ५७-४. त्याचे पन्नासच धरले. एकूण ८३-२. काट्यावर आकडा वाचल्यावर त्याचा चेहरा उतरला, तो मला अजून दिसतो.

तेव्हापासून तो ज्याला त्याला सांगतो की मासे त्यानेच जास्त पकडले आणि मी नियमावर जिंकलो. मासे त्याने जास्त पकडले, हे खरं आहे. पण मर्यादा उगाच नाही ठेवलेली. गच्च भरलेल्या जाळ्यात तळाचे मासे दबतात, खवलं जातात, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, उन्हात श्वासाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. हे मासे परत पाण्यात सोडायचे असतात, पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाच्या तरी गळाला लागायचे असतात. मोजणं हाही मॅचचाच भाग आहे. आणि ज्याला कोपरा लागला तोच हरला, मग पेगवर सगळं ठरतं असं कुणी कोणत्या तोंडाने म्हणावं?

आमिषाचं म्हणाल तर मका आणि पेलेट पुरे. डबाबंद मांसाचे चौकोनी तुकडेही चालतात, पण काही तळ्यांवर बंदी असते, फलक वाचा.

काठाची युक्ती उन्हाळ्याची आहे, हेही सांगायला हवं. पाणी दहा अंशांखाली गेलं की कार्प फार कमी खातात आणि मूठमूठ चारा टाकून तुम्ही स्वतःचाच पेग बिघडवाल. आणि हो, इंग्लंडमध्ये तेरा वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला पर्यावरण खात्याचं रॉड लायसन्स लागतं. मॅचची फी भरली म्हणजे ते झालं असं नाही, अडीच हजार पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. गळ बिनकाट्याचे (टोकाला उलटा काटा नसलेले) घ्या, बहुतेक ठिकाणी दुसरे चालतच नाहीत.

क्लिकर मात्र दोन घ्या, प्रत्येक नेटला एक.