वाचकांचे प्रश्न : रोमचे पाणी

प्रश्न : पंप नव्हते, तर प्राचीन रोममधली कारंजी चालायची कशी?

उत्तर : निव्वळ उतारावर. सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिपा याने इ. स. पू. १९ मध्ये आणलेली 'अक्वा विर्गो' ही जलवाहिनी सुमारे २० किलोमीटर येते आणि तेवढ्या वाटेत जेमतेम ४ मीटर उतरते. म्हणजे किलोमीटरमागे साधारण वीतभर. उतार जास्त दिला की पाणी तळ खरवडते, कमी दिला की गाळ बसतो. पाटाला आतून चुना आणि खापऱ्यांचा चुरा कालवून गिलावा करत, कारण नुसता चुना ओलीत आवळत नाही. चित्रांत जलवाहिन्या कमानींवरून जाताना दिसतात खऱ्या, पण विर्गो जवळजवळ सगळी जमिनीखालूनच येते.

शहरात पाणी आधी हौदात आणि तिथून बहुधा शिशाच्या नळांनी कारंज्यांत जाई. हौदाच्या पातळीच्या वर धार चढत नाही. विर्गो तर मुळातच सखल. रोममधल्याच स्पेन चौकातल्या 'बार्काच्चा' कारंज्याला (१६२७-२९) तिचेच पाणी. त्याला जोर नाही म्हणून शिल्पकार पिएत्रो बेर्निनीने उंच फवाऱ्याचा नाद सोडला आणि खोलगट कुंडात अर्धी बुडालेली नाव घडवली. अडचणीवर काढलेली इतकी देखणी तोड विरळाच.

प्रश्न : तेव्हाही पाणीचोरी होती का?

उत्तर : भरपूर. इ. स. ९७ मध्ये पाणीखात्याचा प्रमुख झालेल्या फ्राँटिनसने तिचे सगळे प्रकार नोंदवले आहेत. खासगी जोडणीला सम्राटाची परवानगी लागे. मग हौदाच्या भिंतीत ठरल्या मापाची, किमान १२ अंगुळे (सुमारे २२ सेंटिमीटर) लांब, शिक्का मारलेली ब्राँझची नळी बसे. ब्राँझचीच, कारण शिसे मऊ. ठोकून भोक रुंद करता येते. पण पुढे लगेच मोठा नळ जोडला, तर तीच नळी जास्त पाणी ओढते. म्हणून पहिले ५० फूट नळ त्याच मापाचा ठेवायचा नियम होता. नळी इतरांपेक्षा खाली बसवली तरी जास्त पाणी मिळे.

खरी चोरी मात्र आतलीच. जोडणी नव्या मालकाकडे गेली की कर्मचारी हौदाला नवे भोक पाडत, जुने तसेच ठेवत आणि त्याचे पाणी परस्पर विकत. रस्त्याखालच्या नळांनाही जागोजागी भोके पाडलेली असत.

प्रश्न : दुरुस्ती कधी करत?

उत्तर : एप्रिल ते ऑक्टोबरअखेर, पण कडक उन्हाचे दिवस वगळून, कारण उन्हात काय आणि गारठ्यात काय, बांधकाम नीट धरत नाही. पाणी तोडावे लागणारे काम तिथल्या उन्हाळ्यात (जून ते ऑगस्ट) मुळीच नाही, आणि एका वेळी एकच वाहिनी बंद. मुळांनी पाट फुटतो म्हणून कमानींच्या दोन्ही बाजूंना १५ फूट जागा मोकळी ठेवायची, झाड लावायचे नाही.