पॉन्टून बोटीत पोर्ट, स्टारबोर्ड, ड्राफ्ट म्हणजे काय?
उजनीला बोटीत बसण्याआधी विचारलंत, बरं केलंत. पॉन्टून म्हणजे बोटीखालची ॲल्युमिनियमची लांब, बंद नळकांडी. दोन किंवा तीन. आत सहसा वेगवेगळे कप्पे असतात, त्यामुळे एका कप्प्याला भोक पडलं तरी बोट लगेच बुडत नाही. वर सपाट डेक, भोवती कठडा, मागे इंजिन. पुढचं टोक बो, मागचं स्टर्न.

बोटीच्या पुढच्या दिशेला तोंड केलं की डावी बाजू पोर्ट (रात्री लाल दिवा), उजवी स्टारबोर्ड (हिरवा). तुम्ही उलटे बसलात तरी नावं बदलत नाहीत. बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

ड्राफ्ट म्हणजे बोट पाण्याखाली किती खोल असते ते. उन्हाळ्यात उजनी आटली की हाच शब्द कामाला येतो. आणि लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा, नुसतं खांद्यावर टाकू नका.